विंडरश प्रकरण आणि वृद्ध स्थलांतरितांचे मानसिक आरोग्य

विंडरश प्रकरण हे युनायटेड किंग्डममधील एक प्रशासकीय व राजकीय प्रकरण होय. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आणि राष्ट्रकुलातील इतर देशांतून ब्रिटनमध्ये आलेल्या, तेथे कायमच्या वास्तव्याचा कायदेशीर हक्क असलेल्या अनेक व्यक्तींना कागदपत्रांच्या अभावी बेकायदेशीर रहिवासी ठरवण्यात आले. त्यांच्यापैकी काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींची घरे गेली, काहींना वैद्यकीय उपचार नाकारले गेले, तर काहींना स्थानबद्ध करून देशाबाहेर पाठवण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये हे प्रकरण ब्रिटिश संसदेत व वृत्तपत्रांत गाजले. बाधितांपैकी बहुतेकजण पन्नाशी ओलांडलेले होते आणि त्यांचे बालपण वगळता सारे आयुष्य ब्रिटनमध्ये गेले होते.

राजकीय वातावरणाचा वृद्ध स्थलांतरितांच्या मनःस्वास्थ्यावर कसा परिणाम होतो, याचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते. प्रत्यक्ष हद्दपारी तुलनेने थोड्यांच्या वाट्याला आली. परंतु ‘तुम्ही इथले आहात हे सिद्ध करा’ ही मागणी हजारोंपुढे उभी राहिली. पुरावे विरळ झालेले आणि शारीरिक बळ ओसरलेले अशा वयात आलेल्या या मागणीने झालेली मानसिक हानी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विंडरश पिढी

‘एम्पायर विंडरश’ हे जहाज जून १९४८ मध्ये लंडनजवळच्या टिलबरी बंदरात आले. २२ जून रोजी त्यातून एक हजारांहून अधिक प्रवासी उतरले. त्यांपैकी सुमारे ८०० जणांनी आपले पूर्वीचे वास्तव्य कॅरिबियन प्रदेशात असल्याचे नोंदवले होते. या जहाजावरूनच १९४८ ते १९७० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत आलेल्या स्थलांतरितांना पुढे ‘विंडरश पिढी’ हे नाव पडले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला मनुष्यबळाची निकड होती. या पिढीतील लोकांनी रुग्णालये, बससेवा, रेल्वे, टपाल व कारखाने यांत दीर्घकाळ काम केले.

१९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतील प्रजेला ‘युनायटेड किंग्डम व वसाहतींचे नागरिक’ असा दर्जा दिला होता. त्यामुळे जमैका, बार्बाडोस किंवा त्रिनिदाद येथून आलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने परदेशी नव्हता. तो साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आला होता. अनेक मुले आईवडिलांच्या किंवा थोरल्या भावंडांच्या पारपत्रावर आली आणि त्यांच्या नावे स्वतंत्र कागद कधी तयारच झाला नाही. आपण ब्रिटिश आहोत याविषयी या मुलांच्या मनात संदेह नव्हता. पुढील मानसिक परिणाम समजून घेण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कायद्यातील बदल

१९६० च्या दशकात स्थलांतराविरोधी जनमत प्रबळ होत गेले. १९६२ व १९६८ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्यांनी प्रवेशावर निर्बंध घातले. १ जानेवारी १९७३ रोजी अमलात आलेल्या १९७१ च्या स्थलांतर कायद्याने हे निर्बंध अधिक कडक केले. तथापि त्या दिवशी ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या राष्ट्रकुल नागरिकांचा वास्तव्याचा हक्क अबाधित ठेवला. हक्क मिळाला, पण त्याचे प्रमाणपत्र सर्वांना देण्यात आले नाही आणि कोणाकोणाला तो मिळाला याची यादीही शासनाने ठेवली नाही. वाद उद्भवल्यास आपला हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र संबंधित व्यक्तीवरच होती.

याच काळात मूळ देश एकेक करून स्वतंत्र झाले. जमैका आणि त्रिनिदाद व टोबॅगो १९६२ मध्ये, तर गयाना आणि बार्बाडोस १९६६ मध्ये स्वतंत्र झाले. बेटावर जन्मलेले परंतु लंडन किंवा बर्मिंगहॅममध्ये वाढलेले अनेकजण आपल्या नकळत दुसऱ्या देशाचे नागरिक बनले. नोंदणी करून ब्रिटिश नागरिकत्व घेण्याची सोय १९८७ च्या अखेरीपर्यंत होती. पण आपण नागरिक आहोतच, अशी समजूत असलेल्यांना त्यासाठी अर्ज करण्याची गरज भासली नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मायग्रेशन ऑब्झर्व्हेटरी या अभ्यासकेंद्राच्या अंदाजानुसार १९७१ पूर्वी राष्ट्रकुल देशांतून आलेले सुमारे ५ लाख लोक ब्रिटनमध्ये राहत होते आणि त्यांपैकी ५७ हजारांपर्यंत व्यक्तींकडे ब्रिटिश नागरिकत्व नव्हते.

प्रतिकूल वातावरणाचे धोरण

२०१२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी बेकायदेशीर स्थलांतरितांसाठी ब्रिटनमध्ये ‘प्रतिकूल वातावरण’ निर्माण करण्याचा मनोदय जाहीर केला. २०१३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या काही भागांत, बेकायदेशीर रहिवाशांनी आपल्या देशी परतावे असे फलक लावलेली सरकारी वाहने फिरवण्यात आली. २०१४ आणि २०१६ च्या स्थलांतर कायद्यांनी या धोरणाला वैधानिक रूप दिले. घरमालक, बँका, मालक-नियोक्ते आणि वाहन परवाना देणारी यंत्रणा यांच्यावर वास्तव्याची कागदपत्रे तपासण्याचे दायित्व आले. चुकीच्या व्यक्तीला काम किंवा घर दिल्यास दंड होत असल्याने तपासणी करणारे शंकेच्या वेळी नकार देणेच पसंत करू लागले. ऑक्टोबर २०१७ पासून इंग्लंडमधील रुग्णालयांना पात्रता सिद्ध न झालेल्या रुग्णाकडून तातडीचे नसलेल्या उपचाराचे शुल्क आगाऊ घ्यावे लागे.

बाधितांकडे सामान्यतः वास्तव्याच्या प्रत्येक वर्षासाठी चार-चार पुरावे मागितले जात. चाळीस-पन्नास वर्षांचा असा हिशेब देणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. शाळा बंद पडल्या होत्या, जुन्या कारखान्यांचे दप्तर नष्ट झाले होते. जुन्या स्थलांतरितांच्या आगमनाची नोंद असलेली लँडिंग कार्डे गृह विभागानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. २०१३ पासून स्थलांतरविषयक बहुतेक प्रकरणांसाठी मिळणारे शासकीय विधी साहाय्यही बंद झाले होते. ‘लीगल अॅक्शन ग्रुप’ या संस्थेने २०१४ मध्येच ‘चेसिंग स्टेटस’ या अहवालातून अशा दीर्घकाळच्या रहिवाशांच्या अडचणींकडे लक्ष वेधले होते. तथापि धोरणात बदल झाला नाही.

प्रकरण उघडकीस येणे

नोव्हेंबर २०१७ पासून ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रात अमीलिया जेंटलमन यांनी बाधितांच्या हकिकती क्रमाने प्रसिद्ध केल्या. त्यांतील पॉलेट विल्सन यांचे उदाहरण विशेष गाजले. १९६८ मध्ये बालवयात जमैकाहून आलेल्या विल्सन यांनी आचारी म्हणून काम केले होते. ब्रिटिश संसदेच्या उपाहारगृहातही त्यांनी नोकरी केली होती आणि ३४ वर्षे राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरले होते. त्यांना बेकायदेशीर ठरवून त्यांचे शासकीय साहाय्य बंद करण्यात आले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये यार्ल्स वुड येथील स्थानबद्धता केंद्रात ठेवण्यात आले. ज्या देशात त्या पन्नास वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या, तेथे त्यांची पाठवणी शेवटच्या क्षणी टळली. बार्बाडोसहून १९६१ मध्ये नवव्या वर्षी आलेले मायकेल ब्रेथवेट यांना विशेष गरजा असलेल्या मुलांचे साहाय्यक शिक्षक म्हणून पंधरा वर्षे काम केल्यानंतर, कागदपत्रांच्या तपासणीत नोकरी गमवावी लागली. लंडनमधील आणखी एका वृद्धाकडे कर्करोगावरील किरणोपचारासाठी ५४ हजार पौंडांची मागणी करण्यात आली.

एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद लंडनमध्ये भरली असताना कॅरिबियन देशांच्या उच्चायुक्तांनी हा प्रश्न लावून धरला. १६ एप्रिल रोजी गृहमंत्री अॅम्बर रड यांनी संसदेत क्षमायाचना केली आणि महिनाअखेरीस पदाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी साजिद जाविद आले. गृह विभागाच्या नंतरच्या तपासणीत किमान ८३ व्यक्तींना चुकीने देशाबाहेर पाठवल्याचे आढळले. चुकीने पाठवलेल्यांपैकी किमान ११ जण तोपर्यंत मरण पावल्याचे नोव्हेंबर २०१८ मध्ये संसदेत सांगण्यात आले.

मानसिक आरोग्यावरील परिणाम

स्वत्वाला बसलेला धक्का
बहुतेक स्थलांतरितांना आपण परक्या देशात आलो आहोत याची जाणीव असते आणि ते मनाची काही तयारी ठेवून असतात. विंडरश पिढीतील बाधितांकडे ही तयारी नव्हती. शाळा, नोकरी, विवाह, मुले-नातवंडे, मतदान व करभरणा हे सारे ब्रिटनमध्येच झालेल्या माणसाला साठीच्या सुमारास ‘तुमच्या देशात परत जा’ असे पत्र आले. वृद्धापकाळी माणूस मागे वळून आपल्या आयुष्याचा अर्थ लावत असतो. अशा वेळी त्या आयुष्याचा पायाच शासनाने नाकारल्यामुळे लज्जा, अपमान व फसवणुकीची भावना निर्माण झाली. ज्या संस्थेवर विसंबून राहावे तिच्याकडूनच दुखापत झाल्यास आघात अधिक खोल असतो, असे मानसशास्त्रज्ञ मानतात. यास ‘संस्थात्मक विश्वासघात’ असे म्हटले जाते.

अनिश्चिततेचा ताण
निश्चित संकटापेक्षा अनिश्चित संकटाची प्रतीक्षा मनाला अधिक थकवते. दारावरची थाप, तपकिरी लिफाफा, अनोळखी दूरध्वनी यांची धास्ती, निद्रानाश, एकाग्रतेचा अभाव आणि सतत सावध राहण्याची अवस्था ही दीर्घकालीन चिंतेची लक्षणे होत. असा ताण टिकून राहिल्यास रक्तदाब व हृदयविकार बळावतात आणि स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. वृद्धांमध्ये हे विकार आधीपासून असण्याचा संभव अधिक असल्याने मानसिक व शारीरिक हानी एकमेकींत गुंतलेली आढळते. अमेरिकी संशोधक आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, आयुष्यभर सोसलेल्या सामाजिक प्रतिकूलतेमुळे शरीर वयाच्या मानाने लवकर झिजते. १९५० व १९६० च्या दशकांत घर भाड्याने मिळवताना व नोकरीत उघड वर्णभेद अनुभवलेल्या पिढीला उतारवयात पुन्हा तसाच अनुभव यावा, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

उत्पन्न व निवारा गमावणे
तरुण बेरोजगार पुन्हा उभा राहू शकतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यास ती संधी क्वचितच मिळते. नोकरी सुटल्याने बचत संपणे, कर्ज होणे, राहते घर जाणे आणि मुलांच्या घरी आश्रित म्हणून राहावे लागणे अशी साखळी अनेक प्रकरणांत दिसते. कुटुंबाचा आधार असलेल्या व्यक्तीला भार बनावे लागल्याने नैराश्य व आत्मसन्मानाची हानी झाली.

प्रवासबंदी आणि अपूर्ण शोक
पारपत्र नसल्यामुळे किंवा गेल्यावर परत येऊ दिले जाणार नाही या भीतीमुळे अनेकांना मूळ देशातील आजारी आईवडिलांना भेटता आले नाही, त्यांच्या अंत्यविधीला जाता आले नाही. काहीजण अल्पकाळासाठी गेले आणि त्यांना परतीचा प्रवेश नाकारला गेला. निरोप न घेता आल्याने शोक अपुरा राहतो आणि त्याला अपराधी भावनेची जोड मिळते.

स्थानबद्धता
गुन्हा न करता स्थानबद्धता केंद्रात ठेवले गेल्याने आघातोत्तर ताणविकाराची लक्षणे निर्माण होऊ शकतात. दुःस्वप्ने, बंद दारांची भीती, गणवेशधारी व्यक्ती दिसताच घाबरणे ही त्यांची उदाहरणे होत. सुटका झाल्यावरही ही लक्षणे टिकून राहतात.

मदत घेण्यातील अडथळे
ज्यांना उपचारांची अधिक गरज होती, तेच उपचारांपासून दूर राहिले. जानेवारी २०१७ पासून आरोग्य सेवेकडील रुग्णांचे पत्ते गृह विभागाला पुरवण्याविषयीचा करार अमलात होता. २०१८ मध्ये तो मोठ्या प्रमाणात मर्यादित करण्यात आला. दवाखान्यात गेल्यास आपली माहिती बाहेर जाईल, ही भीती त्यामुळे निराधार नव्हती. त्याशिवाय ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय व्यक्तींना मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल करण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या सुमारे चौपट असल्याने, मनोरुग्णालयांविषयी या समाजात आधीपासूनच अविश्वास होता. कष्ट मुकाट्याने सोसावेत, घरची गोष्ट बाहेर बोलू नये, या जुन्या पिढीच्या संस्कारामुळे अनेकांनी आपली अडचण मुलांपासूनही लपवली. अनेक बाधितांनी दवाखान्याऐवजी चर्च, शेजारी व समाजसंस्था यांच्याकडेच मन मोकळे केले.

संशोधन

मानसिक हानी केवळ प्रत्यक्ष बाधितांपुरती मर्यादित होती की संपूर्ण समाजाला तिची झळ लागली, या प्रश्नाचा अभ्यास ब्रिटिश संशोधकांनी केला. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ब्रिटनमधील कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीतील सुमारे ५८ हजार व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. २०१४ चा स्थलांतर कायदा संमत झाल्यानंतर आणि पुन्हा २०१८ मध्ये प्रकरण गाजल्यानंतर, कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीयांमधील मानसिक क्लेश श्वेतवर्णीयांच्या तुलनेत वाढल्याचे त्यात आढळले. कायद्यानंतरची वाढ मुख्यतः कॅरिबियन बेटांत जन्मलेल्या, म्हणजेच स्वतः स्थलांतर केलेल्या पिढीत होती. प्रकरण उघड झाल्यानंतरची वाढ मुख्यतः ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पुढील पिढीत दिसली.

या निष्कर्षातून दोन गोष्टी सूचित होतात. पहिली अशी, की धोरणाचा परिणाम वृत्तपत्रांत गवगवा होण्याच्या कित्येक वर्षे आधी, कोणाच्याही लक्षात न येता, ज्येष्ठांवर होत होता. दुसरी अशी, की आईवडिलांना मिळालेली वागणूक पाहून मुलांचाही आपल्या स्थानाविषयीचा विश्वास डळमळीत होतो. अशा अभ्यासांतून एका विशिष्ट व्यक्तीच्या आजाराचे कारण सिद्ध करता येत नाही. समूहाच्या पातळीवरील बदल मात्र दिसून येतो.

नुकसानभरपाई आणि तिचा मानसिक भार

मे २०१८ मध्ये कागदपत्रे मिळवून देणारी ‘विंडरश योजना’ आणि एप्रिल २०१९ मध्ये नुकसानभरपाई योजना सुरू झाली. पहिल्या योजनेतून १६ हजारांहून अधिक व्यक्तींना वास्तव्याचे किंवा नागरिकत्वाचे कागद मिळाले. नुकसानभरपाईचे काम मात्र रेंगाळले. योजना चालवणारा गृह विभागच मुळात हानीस कारणीभूत असल्याने अनेक वृद्धांना अर्ज करण्याचीही भीती वाटे. नोकरी, घर, आरोग्य अशा प्रत्येक बाबीच्या नुकसानीचा स्वतंत्र पुरावा द्यावा लागे आणि सुरुवातीला काही बाबींसाठी फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा मागितला जाई. अर्जदारांना शासकीय विधी साहाय्य उपलब्ध नव्हते. ज्या पुराव्यांच्या मागणीने आजार जडला, तीच मागणी भरपाईच्या वेळी पुन्हा पुढे आल्याने जुनी जखम उघडी पडली, अशी टीका बाधितांचे वकील व संघटना यांनी केली.

डिसेंबर २०२० मध्ये योजनेत सुधारणा होऊन जीवनावरील आघाताबद्दलची किमान रक्कम १० हजार पौंड करण्यात आली. ब्रिटिश संसदेच्या गृह व्यवहार समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, अंदाजित १५ हजार पात्र व्यक्तींपैकी तोपर्यंत ५.८ टक्के लोकांनाच रक्कम मिळाली होती आणि २३ जण भरपाई मिळण्यापूर्वीच मरण पावले होते. योजना स्वतंत्र संस्थेकडे सोपवावी, अशी शिफारस समितीने केली. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेनेही २०२३ मध्ये हीच मागणी केली. परंतु योजना गृह विभागाकडेच राहिली. पुढील काळात वाटपाला गती येऊन एकूण रक्कम १० कोटी पौंडांच्या पुढे गेली.

विलंबाचा अर्थ वयानुसार बदलतो. तिशीतील अर्जदाराला तीन वर्षांची प्रतीक्षा त्रासदायक वाटते. सत्तरीतील अर्जदाराच्या बाबतीत ती उरलेल्या आयुष्याचा मोठा वाटा असते. पॉलेट विल्सन यांनी जून २०२० मध्ये १ लाख ३० हजारांहून अधिक स्वाक्षऱ्यांचे निवेदन पंतप्रधान कार्यालयाला सादर केले आणि पुढील महिन्यातच वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चौकशी व शिफारशी

वेंडी विल्यम्स यांनी केलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रकरण आधी ओळखता येण्याजोगे व टाळता येण्याजोगे होते, असा निष्कर्ष त्यात नोंदवला असून गृह विभागाने वंशविषयक प्रश्नांबाबत अज्ञान व बेफिकिरी दाखवल्याचे म्हटले आहे. अहवालातील ३० शिफारशींपैकी तीन शिफारशी २०२३ मध्ये शासनाने सोडून दिल्या. त्यांपैकी दोन सोडणे बेकायदेशीर होते, असा निर्णय उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. २०२५ मध्ये क्लाइव्ह फॉस्टर यांची पहिले विंडरश आयुक्त म्हणून नियुक्ती झाली.

भारतीय व इतर राष्ट्रकुल नागरिक

१९७३ पूर्वी ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले भारतीय नागरिकही राष्ट्रकुलाचे नागरिक असल्याने विंडरश योजनेच्या कक्षेत येतात. १९८८ च्या अखेरीपूर्वी येऊन स्थायिक झालेल्या कोणत्याही देशाच्या व्यक्तींनाही काही अटींवर तिचा लाभ घेता येतो. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये गेलेल्या भारतीयांत मराठी भाषकांचाही समावेश होता. भारतातून जाणाऱ्या बहुतेकांकडे स्वतंत्र भारतीय पारपत्र असे, त्यावर प्रवेशाचा शिक्का असे आणि आपण परदेशी नागरिक असल्याची जाणीवही असे. कॅरिबियन मुलांच्या वाट्याला आलेला कागदांचा अभाव त्यामुळे भारतीयांमध्ये तुलनेने कमी आढळला. मात्र भारतीय बाधितही या प्रकरणात होतेच.

अन्य देशांतील समांतर उदाहरण

वृद्ध स्थलांतरितांवर राजकीय बदलाचा असाच परिणाम अमेरिकेतही झाला. ऑगस्ट १९९६ मध्ये संमत झालेल्या कल्याणकारी योजनांच्या सुधारणा कायद्याने, नागरिकत्व नसलेल्या बहुतेक कायदेशीर स्थलांतरितांना वृद्ध व अपंगांसाठीच्या पूरक उत्पन्न साहाय्यातून वगळण्याची तरतूद केली. साहाय्य बंद होण्याच्या शक्यतेने वृद्ध निर्वासितांमध्ये घबराट पसरली. १९९७ च्या कायद्याने आधीपासून साहाय्य घेणाऱ्यांना ते बहुतांशी पूर्ववत मिळाले. ब्रिटनमधील व अमेरिकेतील उदाहरणांत कायदे वेगळे असले, तरी एक धागा समान आहे. मिळालेला हक्क पुन्हा काढून घेतला जाऊ शकतो, हे एकदा अनुभवलेल्या वृद्धाला तो हक्क परत मिळाल्यावरही पूर्वीची निश्चिंती लाभत नाही.

स्मृती

२०१८ पासून ब्रिटनमध्ये २२ जून हा ‘विंडरश दिन’ म्हणून पाळला जातो. २२ जून २०२२ रोजी लंडनमधील वॉटर्लू रेल्वे स्थानकात शिल्पकार बेझिल वॉटसन यांनी साकारलेल्या राष्ट्रीय विंडरश स्मारकाचे अनावरण झाले. सुटकेसांच्या राशीवर हातात हात घालून उभे असलेले पुरुष, स्त्री व मूल असे त्याचे स्वरूप आहे. सन्मानाचे असे उपक्रम स्वागतार्ह असले, तरी प्रलंबित दाव्यांचा निपटारा आणि बाधितांसाठी मानसोपचाराची विश्वासार्ह सोय यांना ते पर्याय ठरू शकत नाहीत, अशी बाधितांच्या संघटनांची भूमिका आहे.